टीम बिल्डिंग करा, पण आमचा गुरुवार सोडून

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात कंपन्यांमधल्या ‘टीम बिल्डिंग’वर पानभर मजकूर आला. रिसॉर्ट, तंबूतला मुक्काम, कोलाडचं राफ्टिंग, स्वयंपाकाच्या स्पर्धा. फोटो सुरेख होते. पण ज्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते त्यांनी तशाच लोकांसाठी लिहिलेला तो लेख होता. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका कारखान्यात कार्मिक विभागात नोकरी करते. सहली, स्नेहसंमेलनं, पाळीच्या मीटिंगा, खंडेनवमी हे सगळं ठरवणं बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे या विषयावर मलाही थोडं बोलायचं आहे. पत्र लांबेल, पण आपण तर अख्खं पान दिलं होतंत.

आधी वाराचं बोलू. भोसरी-पिंपरी पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून कधीकाळी भागाभागाला वेगवेगळे वार वाटून दिले गेले, ते अंगवळणी पडले. आता घरात मुलांची शाळा रविवारी बंद आणि बाप गुरुवारी घरी. मग त्या गुरुवारी बँक, दवाखाना, गॅस, मुलाच्या वर्गशिक्षिकेला भेटणं, आळंदीला आईला नेऊन आणणं, सगळं कोंबलेलं असतं. बुधवारी रात्रपाळी केलेल्याला तर तो दिवस झोपेलाच पुरत नाही. आठवड्याची सुट्टी कामगाराला कायद्यानं, हक्कानं मिळते, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही त्याला सकाळी सहाला बसथांब्यावर उभं करतो. का, तर त्याला कंपनीबद्दल आपुलकी वाटावी!

नोटीस मीच टाइप करते. ‘उपस्थिती ऐच्छिक आहे, तरी सर्वांनी आवर्जून यावे.’ या वाक्यातलं ‘ऐच्छिक’ कुणी वाचत नाही, कारण बसच्या दारात सुपरवायझर यादी घेऊन उभा असतो आणि न आलेल्याच्या नावापुढे फुली पडते. ती फुली पगारवाढीच्या वेळी कुणी काढत असेल-नसेल, माणूस ती धरूनच चालतो. खरोखर ऐच्छिक ठेवायचं असेल तर बसमध्ये हजेरी घेऊच नये. किती डबे सांगायचे एवढ्यापुरता आकडा पुरतो, नावं कशाला?

वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं असतं: ड्यूटीच्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर प्रॉडक्शन जातं. जातंच, मी नाकारत नाही. पण आमच्या धंद्यात लाइन थांबायला निमित्तं कमी नसतात. पत्र्याला आकार देणारी डाय फुटते, पत्र्याची कॉइल वेळेवर येत नाही. आणि मोठ्या गाडी कंपन्या मेंटेनन्ससाठी किंवा मागणी उतरली की ब्लॉक क्लोजर घेतात, म्हणजे काही दिवस काम बंद ठेवतात, तेव्हा आमच्यासारख्या पुरवठादारांच्या प्रेसही, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणारी मशीनंही, गार पडतात. त्याची कल्पना बहुतेक वेळा आधी आलेली असते. त्यातला एक दिवस धरा. तोही जमत नसेल तर पाळीतले शेवटचे दोन तास द्या. गेल्या काही वर्षांत मी हट्टानं असेच दोन-दोन तास मागून घेतले. त्यात कॅरम झाला, पाककृती झाल्या, एकदा तर दोन्ही पाळ्यांचा अंताक्षरीचा सामना इतका रंगला की डिस्पॅचवाले गाडी भरायची सोडून खिडकीत उभे. गाडीला उशीर झाला, त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली, ते सोडा.

दुसरी गोष्ट पुरवणीत औषधालाही नव्हती. आमच्या प्रेस शॉपमध्ये उभ्या असलेल्या दर दोन माणसांपैकी एक कंत्राटी आहे. पार्ट एकच, मशीन एकच, मशीनवर पत्रा लावणारा कायम आणि पलीकडून पार्ट उचलणारा ठेकेदाराचा. सहलीची यादी मात्र कायम कामगारांच्या मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, निघते. मग शुक्रवारी एकाच्या अंगात नवाकोरा टी-शर्ट, दुसऱ्याच्या अंगात नाही. पहिला मोबाइलवर धबधब्याचे फोटो दाखवतो, दुसरा ‘भारी आहे दादा’ म्हणून पार्ट उचलायला लागतो. त्या शुक्रवारी लाइनवर जी शांतता असते ती कुठल्या अहवालात येत नाही. टीम बांधायला गेलो आणि होती तीही मधोमध चिरून आलो.

बाहेरच्यांना वाटेल, चार पैसे वाचवायला कंत्राटी कामगारांना वगळतात. पैशांचा प्रश्न त्यात कमीच असतो. खरी भीती कागदाची. कंत्राटी माणसाला कायम कामगाराच्या बरोबरीनं वागवलं, कंपनीच्या नावाचं काही हातात दिलं, तर उद्या तो कंपनीचाच कामगार असल्याचा दावा करेल आणि तेच पुरावे पुढे ठेवेल, असं वकील सांगतात. मी वकील नाही. पण यातून वाट निघते एवढं पाहिलं आहे. ठेकेदारालाच कार्यक्रमाचा भागीदार करून घ्यायचा, त्याच्या माणसांना निमंत्रण त्याच्या लेटरहेडवर, टी-शर्टवर कंपनीचं नाव छापायचंच नाही. आमच्याकडे शेवटी नुसते पिवळे टी-शर्ट काढले, छातीवर काही नाही. लोकांना ते जास्त आवडले, कारण घरी, लग्नाच्या हळदीलासुद्धा घालता येतात. आणि मापं आधी विचारा हो! बायकांना सरसकट एक्सएल देऊन ‘खाली दुमडून घ्या’ म्हणणाऱ्याला एक दिवस त्या टी-शर्टात उभं करायला हवं.

आता खेळांकडे येते. पुण्याहून किंवा मुंबईहून एक तरुण मुलगा माइक घेऊन येतो. ‘गुड मॉर्निंग’ला आवाज कमी आला की ‘एनर्जी कुठंय?’ म्हणून पुन्हा म्हणायला लावतो. समोर रात्रपाळी करून आलेली माणसं असतात. त्यांची एनर्जी कुठं आहे ते मी त्याला सांगू शकते. मग विश्वासाचा खेळ: डोळे मिटून मागे पडायचं, सहकाऱ्यांनी झेलायचं. आमच्या एका ऑपरेटर ताईंनी सरळ सांगितलं, ‘मी पडणार नाही.’ त्यावर तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, टीमवर ट्रस्ट नाही का?’ ताई बोलल्या नाहीत, मी बोलले. ज्या प्रेसवर ती उभी असते तिथं पलीकडच्यानं चुकीच्या क्षणी बटण दाबलं तर काय होतं हे तिला माहीत आहे, आणि तरी ती रोज उभी राहते. पुरुषांच्या हातात पाठीवर पडायला नको म्हणणं म्हणजे विश्वास नसणं नव्हे. तेव्हापासून माझा नियम आहे: कुठल्याही खेळात अंगाला हात लावायचा असेल तर तो खेळ बाद, आणि ‘मी नाही खेळत’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आमच्याकडे प्रेसवर दोन पेरं गमावलेले एक काका आहेत. त्यांना सगळ्यांसमोर माइकवरून रस्सीखेचीला बोलावणारा माणूस वाईट नसतो, तो फक्त कारखान्यात कधी आलेला नसतो. म्हणून असा माणूस बोलवायचाच असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात त्याला एक पाळीभर शॉपमध्ये उभा करा. निम्मे खेळ तो आपणहून गाळतो.

रस्सीखेचीवरून आठवलं. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमान नावाचा शेतकी अभियंता होता. घोडे, बैल, माणसं ओढकाम किती करतात हे मोजणं त्याचं काम. त्यानं माणसांना एकेकटं आणि गटानं दोर ओढायला लावला. 1913 मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांत, आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा माणशी जोर एकट्यानं ओढताना लावलेल्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. काही जोर दोर एका तालात न ओढल्यामुळे वाया गेला असणार. पण 1974 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोळे बांधलेल्या माणसाला ‘तुझ्यामागे आणखी लोक ओढत आहेत’ असं खोटंच सांगितलं, प्रत्यक्षात ओढणारा तो एकटाच, तरी त्याचा जोर कमी पडला. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्रत्येकानं किती केलं हे वेगळं मोजलं जाणार म्हटल्यावर हा ढिलेपणा राहत नाही. शंभर जणांना एका मैदानात उतरवून ‘एक टीम’ म्हणून ओरडायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाच-सहा जणांचा गट आणि प्रत्येकाच्या वाट्याला नाव घेऊन सांगता येईल असं काम, याच्या पलीकडे मी आता जात नाही.

बायकांबद्दल आणखी एक. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात, कामाच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागा आणि मालकानं पुरवलेलं वाहन हेही कामाचं ठिकाणच धरलं आहे. म्हणजे मुळशीचं रिसॉर्ट आणि परतीची बस, दोन्ही आली. सहल ठरवताना किती ठिकाणी ही गोष्ट कुणी बोलून दाखवतं? आमच्याकडे याच कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतली एक बाई प्रत्येक बसमध्ये असते, तिचा नंबर बसमध्ये चिकटवलेला असतो, दारूला मज्जाव असतो आणि बस अंधाराआधी भोसरीत परत येते. तरुण पोरांना हे जाचक वाटतं. वाटू दे. पूर्वी ज्या बायका ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणायच्या, त्यांतल्या बऱ्याच आता येतात.

पण खरं सांगू का, सहल वर्षातून एकदा. माणसं एकमेकांना धरून राहतात की नाही हे पाळीच्या मीटिंगमध्ये ठरतं. आमची दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते. त्याआधी दहा मिनिटं बोर्डापाशी उभ्यानं मीटिंग. पूर्वी त्यात काय व्हायचं? सुपरवायझर कालचं रिजेक्शन वाचून दाखवायचा, ज्याच्या मशीनचं असेल त्याच्याकडे बघायचा, सेफ्टीची शपथ व्हायची, संपलं. मागच्या रांगेला प्रेसच्या आवाजात एक शब्द ऐकू यायचा नाही.

बदललं ते एका वहीमुळे. शेवटची तीन मिनिटं सुपरवायझरनं बोलायचं नाही, फक्त लिहायचं. तक्रार, मग कोण करणार, मग कधीपर्यंत. पहिल्या पानावर काय होतं पाहा: लेडीज टॉयलेटची कडी, कूलरच्या पाण्याला येणारा वास, बस दिघीच्या चौकात थांबत नाही आणि अलीकडे उतरून अंधारातून चालावं लागतं. एकही गोष्ट फार खर्चाची नाही. कडी दुसऱ्या दिवशी लागली. कूलरला आठवडा गेला. बसचं प्रकरण ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडून मिटलं. आणि ज्या गोष्टी होणार नव्हत्या, उदाहरणार्थ शॉपमध्ये मोठे पंखे, त्यांच्यापुढे ‘यंदा नाही’ असं लिहून खाली प्लँट हेडची सही घेतली. साहेब आधी तयार नव्हते. ‘नाही’ कशाला लिहायचं, बघू म्हणू या, असं त्यांचं म्हणणं. पण ‘बघू’चा अर्थ कामगाराला साहेबांच्याही आधी कळतो. सही केलेला नकार लोकांनी मुकाट्यानं घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात आठवणीनं तेच पान उघडलं. पंखे आले.

महिन्याच्या मोठ्या सभेलाही हेच लागू आहे. पाळी संपल्यावर दमलेल्या माणसांना कँटीनमध्ये बसवून तासभर इंग्रजी स्लाइड दाखवायच्या, मग ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारायचं आणि कुणी बोललं नाही की लोकांना रस नाही म्हणायचं. प्रश्न चार दिवस आधी चिठ्ठ्यांवर घ्या, बिननावी घ्या, मराठीत आणि हिंदीत वाचा. बिहार-ओडिशाची पोरं आमच्या शॉपमध्ये बरीच आहेत, त्यांना मराठी समजतं पण चारचौघांत बोलायला ती बुजतात. सभा ड्यूटीत घ्या आणि अर्ध्या तासात संपवा.

यात मी काही नवं शोधलेलं नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातच शंभर किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत मालक-कामगारांची वर्क्स कमिटी नेमण्याची तरतूद होती, रोजच्या कुरबुरी बोलून मिटवण्यासाठी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. जपानमध्ये 1962 च्या सुमारास गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांनी क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातल्या अडचणी आपणच सोडवणारे कामगारांचे छोटे गट, उभी केली, ती 1980 मध्ये हैदराबादच्या ‘भेल’ या सरकारी कंपनीत आली आणि तिथून देशभर पसरली. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आजही कामगार आपला प्रॉब्लेम, त्याची कारणं मांडणारी माशाच्या काट्यासारखी आकृती आणि उपाय घेऊन स्पर्धांना जातात, मराठीत मांडतात, कधी छोटं नाटुकलं करून दाखवतात. आमच्या पॅकिंगच्या बायकांचं सर्कल घ्या. पार्ट बिनमध्ये एकमेकांवर आपटून डेंट पडायचे, गिऱ्हाइकाकडून माल परत यायचा. त्यांनी भंगारातल्या कन्व्हेयरच्या रबराचे तुकडे कापून बिनला कप्पे केले. दीड महिना ते पाच जणींचं डोकं त्यातच. कुठला आकार, रबर गळून पडू नये म्हणून कुठं बोल्ट, टूलरूमवाला वेळ देत नाही म्हणून त्याच्या मागे कोण लागणार. त्या पाच जणींत आज जी दोस्ती आहे ती कुठल्याही दोरीच्या खेळानं झाली नसती. डेंट थांबले हे वेगळंच.

आणि आमचा खरा सण खंडेनवमीचा. तो कुणी इव्हेंटवाला ठरवत नाही, कामगार ठरवतात. मी फक्त बिलं पास करते. आदल्या दिवशी मशीन पुसायची, तेल टिपायचं, रंगायला आलेली गार्ड रंगवायची. सकाळी झेंडू, रांगोळी, नारळ. आम्ही त्याला घरच्यांची भेट जोडली. ज्या प्रेसवर नवरा बारा वर्षं उभा आहे ती बायकोनं कधी पाहिलेलीच नसते. पोरं विचारतात, ‘बाबा, हे तुम्ही एकटे चालवता?’ आणि एरवी सुपरवायझरसमोर मान वर न करणारा माणूस डाय कशी बसते ते पंधरा मिनिटं समजावत राहतो. ठेकेदाराच्या माणसांची कुटुंबंही त्याच फाटकातून, त्याच यादीत.

हा कार्यक्रम सोपा मात्र नाही. लहान मुलं प्रेस शॉपमध्ये येणार म्हणजे सगळ्या प्रेसचे मेन स्विच बंद करून कुलपं, किल्ल्या मेंटेनन्सच्या एकाच माणसाकडे. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं, फोर्कलिफ्ट जागेवर उभी, चपला घालून आलेल्यांना शॉपच्या दारातूनच दर्शन, भंगाराच्या कोपऱ्याला दोर. पत्र्याची कड पोराच्या हाताला लागायला क्षण पुरतो. एका वर्षी साहेबांना पाहुण्यांपुढे प्रेस चालवून दाखवायची हौस आली, मेंटेनन्सच्या मामांनी किल्ली दिली नाही. साहेब रागावले, मामा ढिम्म हलले नाहीत. मला मामांचंच बरोबर वाटलं. त्या दिवशी कँटीनमध्ये वाढायला अधिकारी असतात आणि रोज वाढणारे कँटीनवाले पहिल्या पंगतीला. अधिकाऱ्यांना आमटी वाढताना सांडवायची सवय आहे, पण हरकत नाही.

शेवटची माहिती, कारण पुरवणी वाचणाऱ्या कामगारांनाही ती बहुधा नसेल. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची छोटी कपात होते, मालकही भरतो. हा पैसा 1953 च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. मंडळाची केंद्रं आहेत, नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, कबड्डीचे सामने होतात. मोठ्या कारखान्यांचे नाट्यसंघ तालमी करून दरवर्षी उतरतात. लहान कारखान्यांतल्या लोकांना पगारपत्रकावरची ती ओळ कशाची, हेसुद्धा ठाऊक नसतं. ज्यांच्याकडे रिसॉर्टचे पैसे नाहीत त्यांनी आधी आपल्या भागातल्या केंद्रात जाऊन यावं. आमचे तिघे यंदा भजनी मंडळ जमवत आहेत. पखवाजाला माणूस मिळाला, तो कंत्राटी हेल्पर आहे आणि परभणीकडचा, हात फार गोड.

पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल तेव्हा बातमीदाराला एखाद्या दुपारी आमच्याकडे पाठवा. साडेतीनच्या आधी दहा मिनिटं यायला हवं, गेटपास आणि सेफ्टी शूजची सोय मी करते. पायाचं माप तेवढं आधी कळवा. माझं नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, भोसरी, पुणे